'कोळशाचा भाव सांगितला तर कंपनी बुडेल' म्हणे!

वीजदरवाढीची बातमी आली की एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरू लागतो. गोषवारा असा: महानिर्मितीसारख्या, वीज तयार करणाऱ्या सरकारी कंपनीने कोळसा कोणाकडून, कितीला घेतला हे विचारणारे माहिती अधिकारवाले कंपनीचेच नुकसान करतात. भाव फुटला की पुरवठादार सावध होतात, खासगी कंपन्या असले काही सांगत नाहीत, कायद्यानेच ही माहिती गोपनीय ठरवली आहे, आणि हिशेब तपासायला कॅग आहेच की.

'पुरवठादार सावध होतात.' कोणता पुरवठादार? महानिर्मितीचा बराचसा कोळसा कोल इंडियाच्या उपकंपन्यांकडून येतो. नागपूरची वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) त्यातलीच. कोल इंडिया आपले दर प्रतवारीनुसार, जी-1 ते जी-17, स्वतःच जाहीर करते. रेल्वेचे मालभाडेही जाहीर. आयातीचे टेंडर असले तर बोली उघडताच एल-1, म्हणजे सर्वांत कमी बोलीचा, कोण आणि कितीला, हे बोलीदारांना समजते. कोणत्या संचाची वीज प्रति युनिट कितीला पडते तेही केंद्राच्या 'मेरिट' पोर्टलवर 2017 पासून दिसते आहे. धंद्यातल्या सगळ्यांना भाव ठाऊक, फक्त बिल भरणाऱ्याला विचारायची बंदी!

बोली उघडण्याआधीचा अंदाजित दर किंवा चालू वाटाघाटी झाकून ठेवाव्यात, हे मान्य. पण करार झाला, माल आला, पैसे दिले, त्यानंतर कसले गुपित?

खरे तर गोम टनाच्या भावात नाहीच, उष्मांकात, म्हणजे कोळसा जळून मिळणाऱ्या उष्णतेत आहे. समजा कंपनीने किलोला 4,000 किलोकॅलरीच्या कोळशाचे पैसे मोजले, पोहोच भाव टनाला 4,000 रुपये, आणि एक युनिट वीज करायला 2,400 किलोकॅलरी लागतात. म्हणजे युनिटमागे 600 ग्रॅम कोळसा, 2 रुपये 40 पैसे. वीज केंद्रावर प्रत्यक्षात 3,500 चाच माल उतरला, तर तेवढ्याच विजेला 686 ग्रॅम जाळावे लागतात आणि खर्च 2 रुपये 74 पैशांवर जातो. टनाचा भाव एक रुपयाही हलला नाही, तरी युनिटमागे 34 पैसे गेले. म्हणून मागायचे ते कागद वेगळे: वॅगनमधून नमुना कुठे आणि कधी घेतला, ओलावा किती निघाला, खाणीवरचा उष्मांक किती आणि केंद्रावरचा किती, तफावतीपोटी क्रेडिट नोट, म्हणजे पैशांची वजावट, मिळाली का. कोळसा धुवून घेतला असेल तर वॉशरीतून (कोळसा धुण्याच्या कारखान्यातून) रिजेक्ट, म्हणजे टाकाऊ माल, किती निघाले आणि ते कोणी, कोणत्या दराने उचलले. यात कोणाचे व्यापारी तंत्र आहे? दगड आणि पाणी किती होते, एवढाच तर प्रश्न आहे.

आयातीत पडदा आणखी जाड. 2016 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने सीमाशुल्क कार्यालयांना सावध केले होते: इंडोनेशियाचा कोळसा थेट भारतात उतरतो, पण बिले सिंगापूर, दुबई, हाँगकाँगमधल्या मध्यस्थांमार्फत फिरून फुगतात, असा संशय होता. तो कोणावर सिद्ध झाला की नाही हा निराळा प्रश्न. पण अशा व्यवहारात खरेदीदार सरकारी असेल, तर मूळ बिल कोणी पाहिले, हे विचारायलाच हवे.

'खासगी कंपन्या सांगतात का?' खासगी कारखानदार महाग कोळसा घेतो तेव्हा त्याचा नफा घटतो. महानिर्मितीचा इंधनखर्च राज्य वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने महावितरणकडून वसूल होतो आणि तिथून आपल्या बिलात येतो. 'इंधन समायोजन आकार' ही ओळ त्यासाठीच आहे. आणि नियंत्रित दराने वीज देणाऱ्या टाटा पॉवरलाही मुंबईतल्या निर्मितीचा इंधनखर्च याच आयोगापुढे मांडावा लागतो. तेव्हा तुलनाच लंगडी.

गुप्ततेने राज्याचे भले होते असे वाटणाऱ्यांनी दाभोळचा वीज प्रकल्प आठवावा. डिसेंबर 1993 मध्ये राज्य वीज मंडळाने अमेरिकेच्या एन्रॉनच्या कंपनीशी केलेला वीजखरेदीचा करार सुरुवातीला लोकांपासून दूरच ठेवला गेला. इंधनाचा खर्च मंडळाच्या माथी, हिशेब डॉलरमध्ये. कलमांची चिरफाड पुण्याच्या 'प्रयास'सारख्या अभ्यासगटांनी केली, पण कराराची फेरतपासणी करणारी गोडबोले समिती नेमायला 2001 उजाडले. तोवर मंडळ त्या बिलांखाली वाकले होते.

'कॅग आहेच की.' आहे, आणि असावाच. पण कॅग नमुन्यादाखल तपासतो, अहवाल विधिमंडळात यायला वर्षे लागतात, तोवर कोळसा जळून राख झालेली असते.

'कायद्यानेच गोपनीय आहे.' माहिती अधिकार कायद्याचे कलम 8(1)(घ) अर्धेच वाचून हा दावा केला जातो. 'व्यावसायिक' शिक्का मारला की संपले, असे ते म्हणत नाही. माहिती दिल्याने स्पर्धेतल्या स्थानाला बाधा पोहोचणार असेल तरच ती रोखता येते, आणि तरीही व्यापक जनहित असेल तर देता येते. गोपनीय भाग वगळून उरलेले द्या, हे कलम 10 सांगते. पुरवठादाराला कलम 11 खाली नोटीस जाते. त्याने हरकत घेतली म्हणजे नकार पक्का, असेही नाही. निर्णय माहिती अधिकाऱ्याचाच.

'व्यावसायिक गोपनीयता' एवढे दोनच शब्द लिहून अर्ज परत आला, तर 30 दिवसांत पहिले अपील करा. अपिलात कलम 19(5) जरूर लिहा: नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर असते, अर्जदारावर नाही.