नुसतं शांत असणं पुरेसं नाही

तुमच्या लेखात म्हटलंय की स्वभाव शांत असला की कुत्रा वृद्धाश्रमात किंवा इस्पितळात, तिथल्या लोकांना विरंगुळा म्हणून, भेटीला न्यायला चालतो. मला हे पटलं नाही. गप्प बसलेला कुत्रा कधी कधी घाबरून थिजलेला असतो. सारखे ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, तोंड फिरवणं, ही ताणाची लक्षणं आहेत. खरं बघायचं ते हे, की अनोळखी माणसाने हात पुढे केला तर तो आपणहून जवळ जातो का? शेजारी वॉकर (चालताना धरायची आधाराची चौकट) धाडकन पडला तर दचकू दे, पण लगेच सावरतो का? थरथरत्या हाताने कान जरा जोरात धरला तर? आणि जमिनीवर पडलेली औषधाची गोळी 'नको' म्हटल्यावर सोडतो का, हे तर त्याच्या जिवाशीच निगडित.

अमेरिकेतली पेट पार्टनर्स ही संस्था अशा भेटींसाठी किमान १ वर्षाचाच कुत्रा घेते, कच्चं मांस खाणारा घेत नाही (रुग्णांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून), आणि परीक्षा घेते ती कुत्रा आणि मालक या जोडीची. कुत्रा कंटाळलाय हे मालकालाच कळलं नाही तर त्याला तिथून उठवणार कोण? लेखात मालकाच्या तयारीबद्दल एक ओळही नाही. ती कृपया घाला.