अडकणं वेगळं, जुळणं वेगळं
पॉलिमरच्या (म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) इम्प्लांटवरचा लेख वाचला. त्यात म्हटलंय की असा इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवलेला कृत्रिम भाग, शरीर स्वीकारतं, पण स्वीकारणं वेगळं आणि हाडाने त्याला घट्ट धरणं वेगळं, हे अजून सांगायला हवं होतं. आईचा गुडघा नाशिकलाच बदलला तेव्हा डॉक्टर म्हणाले की कृत्रिम सांधा हाडात बसवायला वापरतात ते बोन सिमेंट म्हणजे अ‍ॅक्रेलिकच, एक प्रकारचं प्लास्टिक, ते हाडाला चिकटत नाही, बारीक छिद्रांत शिरून अडकून बसतं. मणक्यात वापरतात ते पीक (PEEK) नावाचं पॉलिमर टायटॅनियमपेक्षा लवचिक, एक्सरेत आडही येत नाही, पण हाड त्याला नीट धरत नाही, म्हणून त्यावर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा (हाडात असतं तशा कॅल्शियमच्या खनिजाचा) थर देतात किंवा पृष्ठभाग सच्छिद्र करतात. आई आता गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, रामकुंडापर्यंत चालत जाते हो, पण सिमेंट सैल झालं तर परत ऑपरेशन ही धास्ती आहेच, त्यामुळे इम्प्लांटबद्दल असं काही वाचलं की खूप आशा वाटते.