आबा, आई आणि ओढ्याकडची पाणंद

आज १६ फेब्रुवारी. आर. आर. आबांना, म्हणजे माजी गृहमंत्री आर. आर. पाटलांना, जाऊन दहा वर्षं होऊन गेली. सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचे फोटो फिरताहेत. कुणी लिहिलंय 'सर्वसामान्यांचा नेता', कुणी लिहिलंय 'असा माणूस होणे नाही'. त्याच फोटोखाली कुणीतरी हमखास २६/११ च्या मुंबई हल्ल्यानंतरचं त्यांचं ते वादग्रस्त वाक्य आणून टाकतं, आणि मग दिवसभर भांडण. मी दोन्हीकडचं वाचत बसले होते. मला आबांबद्दल जे सांगायचंय ते त्यात कुठंच सापडेना, म्हणून लिहायला घेतलं. जरा लांबेल.

मला संडासाबद्दल बोलायचंय.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, आबांच्या अंजनीपासून फार लांब नाही. माझ्या लहानपणी गावातल्या बायका ओढ्याकडच्या पाणंदीला जायच्या. पहाटे तांबडं फुटायच्या आत, नाहीतर रात्री अंधार पडल्यावर. मधल्या वेळेत पोटात कळ आली तरी दाबून धरायची. बायका बसलेल्या असताना रस्त्यावरून गाडीचा उजेड आला, की सगळ्या एकदम उठून उभ्या राहायच्या, तोंडावर पदर ओढायच्या आणि गाडी गेली की परत बसायच्या. पावसाळ्यात चिखल, विंचू-साप, आणि सोबतीला कुणी नसलं की जाऊबाईला उठवायची पंचाईत. माझी आई दुपारी चारनंतर पाणी प्यायची नाही. रात्री जेवतानासुद्धा दोनच घोट. मला वाटायचं, तिला तहानच कमी लागते.

सरकारी संडास आमच्याकडं त्याआधीही आले होते. अनुदानातून बांधलेले, चार भिंती आणि वर पत्रा. त्यात कुणी गोवऱ्या रचल्या, कुणी जळण, एकाच्यात कोंबड्या होत्या. पैसे सरकारचे, बांधणारा ठेकेदार, आणि हे वापरणार का असं घरातल्या बाईला कुणी विचारलेलंच नव्हतं.

१९९९ ला विलासराव देशमुखांचं सरकार आलं आणि आबा ग्रामविकासमंत्री झाले. मंत्रिमंडळात ज्या खात्यांसाठी रस्सीखेच चालते त्यांत हे खातं कधी नव्हतं. २०००-०१ मध्ये त्यांनी संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं. त्याची खुबी अशी, की सरकारनं आधी पैसा दिलाच नाही. गावानं स्वतःच्या हातानं गाव नीट करायचं, मग समिती येणार, गुण देणार, आणि पुढं गेलेल्या गावाला बक्षीस मिळणार. तालुक्यापासून राज्यापर्यंत स्पर्धा. शेजारच्या गावाचं नाव पेपरात आलं आणि आपलं नाही, ही गोष्ट गावाला किती झोंबते हे गावात वाढलेल्या माणसालाच ठाऊक असतं. आबांना ते ठाऊक होतं. सचिवालयात बसून ही योजना सुचली नसती.

आमच्या गावात समिती यायची होती तेव्हा मी सातवीत होते. आधीचे पंधरा दिवस गाव झोपलंच नाही. उकिरडे हलले. चावडीपासून मारुतीच्या देवळापर्यंतचा रस्ता शाळेतल्या पोरांनी झाडला, मास्तर स्वतः पाटी घेऊन पुढं. ज्या दोन घरांत पाण्याच्या वाटेवरून बोलणं बंद होतं त्यांनी मिळून गटार खोदलं. घरोघरी शोषखड्डे, त्याच्या कडेला कर्दळ आणि पपई. भिंतींना चुना, त्यावर गेरूनं गाडगेबाबांची वचनं. माझं अक्षर बरं म्हणून मला तीन भिंती मिळाल्या होत्या, आणि एका भिंतीवर मी 'स्वच्छता'मधला 'च्छ' चुकवला तो आजीनं ओल्या फडक्यानं पुसला. आजी निरक्षर. गुरुजींनी सांगितलेलं ऐकून ती आली होती.

त्या काळात वडिलांनी एक शेळी विकली आणि परसात संडास बांधला. दार पत्र्याचं, आतून कडी म्हणून तारेचा आकडा. गावाला तालुक्यात नंबर मिळाला, जिल्ह्यात नाही मिळाला. गाव दोन दिवस हळहळलं. आमच्या घरात मात्र दुसरंच घडलं. आई रात्री जेवताना तांब्याभर पाणी प्यायला लागली. मी तेव्हा ते पाहिलं, पण त्याचा अर्थ मला स्वतःला मूल झाल्यावर कळला.

नंतर २००३ ला केंद्र सरकारनं निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला, हागणदारीमुक्त हा शब्द सरकारी कागदावर रुळला, पुढं स्वच्छ भारत आलं, पंतप्रधान लाल किल्ल्यावरून शौचालयाबद्दल बोलले. चांगलंच झालं. पण आमच्याकडं एक मंत्री त्याच्या कितीतरी आधी भरसभेत 'हागणदारी' हा शब्द न लाजता उच्चारत होता, आणि समोरच्या बायका पदर तोंडाला लावून हसता हसता ऐकत होत्या.

सगळं गोडगोड नव्हतं, हेही सांगते. पुढं 'गुड मॉर्निंग पथकं' निघाली. पहाटे शिट्ट्या वाजवत, बॅटऱ्या मारत माणसं पाणंदीला यायची. ज्यांच्याकडं संडास बांधायला जागाच नव्हती, ज्यांचं घर म्हणजे एक खोली, त्यांच्या बायकांवर बॅटरी मारायची? आमच्या वस्तीतली एक मावशी त्या शिट्टीला घाबरून पळताना पडली, महिनाभर हात गळ्यात. अभियानाच्या यशाचा हिशेब मांडताना त्या शिट्ट्याही मांडायला हव्यात. पोरीबाळींची लाज राखायला निघालेलं काम गरीब बायकांची लाज काढायला लागलं, तिथं ते चुकलंच.

आता आबांविषयी.

रावसाहेब रामराव पाटील. जन्म १६ ऑगस्ट १९५७, अंजनी, तालुका तासगाव. घरची गरिबी. सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये 'कमवा आणि शिका' योजनेत राहून शिकले, पुढं वकिलीची पदवी घेतली. १९७९ ला सावळज गटातून जिल्हा परिषदेवर गेले आणि ११ वर्षं तिथं काढली. १९९० ला पहिल्यांदा आमदार झाले, ते शेवटपर्यंत एकही निवडणूक हरले नाहीत. साखर कारखाना नाही, शिक्षणसंस्थांचं साम्राज्य नाही, मागं घराणं नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या राजकारणात या तीन गोष्टींशिवाय उभं राहणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. आमच्याकडं माणूस ऊस कुठल्या कारखान्याला घालतो यावरून त्याचं मत ओळखतात.

आबांकडं होती ती बोली. सभेला आले की कागद नाही, चष्मा नाही. आमच्या आज्ज्या, चुलते जसं बोलतात तसंच बोलायचे. मंत्री झाले, उपमुख्यमंत्री झाले, तरी विधानसभेत बोलायला लागले की तासगावच्या बाजारात उभे आहेत असं वाटायचं. ११ वर्षांच्या जिल्हा परिषदेनं त्यांना ग्रामसेवकाची अडचण, पाणीपट्टीची थकबाकी, शाळेच्या गळक्या खोल्या हे सगळं पाठ करून दिलं होतं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्या अनुभवातून निघालं, आणि ते गृहखात्यातलं नाही, ग्रामविकासातलं आहे.

पण राजकारणात बढती म्हणजे गृहखातं. २००३ च्या शेवटी ते गृहमंत्री झाले, २००४ ला उपमुख्यमंत्रीही. तिथंही गावाचा माणूस गाव घेऊनच गेला. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम हे पुन्हा तेच डोकं. गावातली भांडणं गावानं मिटवायची, आणि मिटवली तर गावाला बक्षीस. माझ्या चुलत्यांचा बांधाचा दावा कोर्टात १४ वर्षं पडून होता. दीड हाताची जमीन. वकिलाला दिलेल्या पैशात तसे चार बांध आले असते. ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर दोन बैठकांत मिटला. दुसऱ्या बैठकीत चुलते रडले, समोरचाही रडला, आणि मोजणीचा दगड पंचांनी मधोमध रोवला. त्या दगडाला चुलती अजून दसऱ्याला हळदकुंकू वाहते.

त्या मोहिमेचीही दुसरी बाजू मी पाहिलीय. बक्षिसासाठी बाईवरच्या अन्यायाची तक्रार 'घरातलं घरातच' म्हणून मिटवायला लावलेली पाहिलीय. बांधाचं भांडण आणि बाईला झालेली मारहाण एकाच कट्ट्यावर मिटवता येत नाही. हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं.

२००५ च्या डान्सबार बंदीबद्दल माझं मत माझ्याच मनात दोनदा बदललं. तेव्हा आमच्या भागातल्या बायकांनी आबांना डोक्यावर घेतलं होतं, कारण द्राक्षाचे, जमिनीचे पैसे घेऊन मुंबई-पनवेलला जाणारे नवरे त्यांनी पाहिले होते. मीही खूश होते. पुढं मुंबईत नोकरीला आले, तिथल्या बायकांचं वाचलं, ऐकलं. एका रात्रीत हजारो बायकांची रोजीरोटी गेली आणि त्यांचं पुढं काय, याचं उत्तर सरकारकडं नव्हतं. उच्च न्यायालयानं २००६ ला बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ ला तेच कायम केलं. गावातल्या बाईचं दुःख आबांना आतून कळायचं. शहरात नाचून पोट भरणाऱ्या बाईचं कळलं नाही. माझं आजचं मत हे आहे.

आणि मग २६ नोव्हेंबर २००८. १६६ माणसं गेली. पत्रकारांसमोर आबा हिंदीत बोलले, मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतात अशा अर्थाचं. १ डिसेंबरला राजीनामा द्यावा लागला. मी त्या वाक्याचं समर्थन करणार नाही. ज्या घरातून माणूस गेला त्या घरानं ते ऐकलं असेल तर त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार करूनच पोटात गोळा येतो. 'हिंदी कच्ची होती' असं आमच्याकडचे लोक म्हणतात. असेल. पण मला वाटतं गोष्ट भाषेच्याही पलीकडची आहे. सभेत समोरच्यांना धीर द्यायची, मोठं संकट लहान करून सांगायची गावच्या पुढाऱ्याला सवय असते. आग लागलेल्या घरासमोर तो म्हणतो, 'काही झालं नाही, भांडीच गेली.' घर त्यानं धीर धरतं. तीच सवय जळत्या मुंबईसमोर बोलली, आणि ऐकणाऱ्यांना तो धीर वाटला नाही. तसा तो वाटणं शक्यही नव्हतं. २०१४ च्या प्रचारातही बाईवरच्या अत्याचाराचा संदर्भ घेऊन ते असं काही बोलून गेले, की त्यांना माफी मागावी लागली. ते वाक्य ऐकून मी, आबांची माणूस, दोन दिवस गप्प होते. ज्या तोंडानं आमच्या पाणंदीचं दुःख मांडलं त्याच तोंडातून हे यावं?

२००९ ला पुन्हा गृहमंत्री झाले तेव्हा त्यांनी गडचिरोलीचं पालकमंत्रीपद मागून घेतलं. नक्षलग्रस्त म्हणून जो जिल्हा इतरांना नकोसा, तो यांनी मागितला. याबद्दल फार लिहिलं जात नाही. लिहायला हवं.

१६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरनं गेले. वय ५७. बातमी टीव्हीवर आली तेव्हा वडील ओसरीवर बसले होते, तळहातावर तंबाखू मळलेली. ती त्यांनी तशीच खाली झटकली. दुसऱ्या दिवशी गावातली माणसं मिळेल त्या गाडीनं अंजनीला गेली. वडीलही गेले. रात्री परत आले आणि न जेवता झोपले. तंबाखू त्यांची सुटली नाही, चार दिवसांनी पुन्हा सुरू झाली. मी अजून त्यावरून भांडते.

पुढं पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमनताई आमदार झाल्या, २०२४ ला मुलगा रोहित, अवघ्या पंचविशीत. ज्या माणसामागं घराणं नव्हतं त्याचंही घराणं झालं. मला ते पूर्ण पटतं असं नाही, पण मतं आमच्याच लोकांनी दिलीत.

गेल्या महिन्यात गावी गेले होते. आता घरोघरी टाइल्सचे संडास आहेत, पाणंदीच्या जागी डांबरी रस्ता झालाय. पण पोरांनी, मास्तरांनी आणि दोन भांडलेल्या घरांनी मिळून खोदलेलं ते गटार चावडीसमोर तुंबलंय. काळं पाणी रस्त्यावर. ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले, निविदा निघायचीय. संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "आबाची समिती यायची म्हटल्यावर एका दुपारात काढलं हुतं की गं ते. तुझा बा आणि सदूभावजी, दोघं आत उतरून."