विकतचं दुखणं, वजन 340 ग्रॅम

हा मजकूर मी डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतोय. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी सोलवटली आहे, मधलं बोट सुजलंय आणि "घ्यायचं कशाला पण ते?" हा प्रश्न घरात सकाळपासून चौथ्यांदा विचारून झालाय. उत्तर सोपं आहे. हलकं म्हणून घेतलं.

आखूड नळीचं, पाच काडतुसांचं, .357 मॅग्नमचं (म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाचं) रिव्हॉल्व्हर. वजन जेमतेम 340 ग्रॅम. सिलिंडर टायटॅनियमचं, बाकी सांगाडा ॲल्युमिनियमचा, त्यात स्कँडियम नावाचा धातू. हे स्कँडियम म्हणजे मोठी मजा आहे. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने 1871 मध्ये ते कुणी पाहायच्या आधीच भाकीत करून ठेवलं, 1879 मध्ये स्वीडनच्या निल्सनला ते सापडलं आणि आता ते माझ्या खिशात आहे. किती? पायलीत चार दाणे. पण मिरवायला नाव त्याचंच, किंमतही त्याचीच. ॲल्युमिनियम बिचारं सगळं काम करून बिनबोभाट बसलंय.

"खिशात आहे हे विसरून जाल," विकणारा म्हणाला होता. भरलेलं हत्यार खिशात आहे हे विसरणं हा गुण कसा, हे त्याला तेव्हाच विचारायला हवं होतं. पण बोलला ते खरं. परवाना काढून दोन वर्षं ते उजव्या खिशात बाळगतोय आणि कधी जाणवलं नाही. त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही असा नियम आहे, चापात काही अडकलं तर अनर्थ व्हायचा. त्यामुळे किल्ल्या, फोन, पाकीट, रुमाल सगळं डाव्या खिशात. कमरेला हत्यार लावणारा माणूस हत्याराच्या बाजूला कलतो म्हणतात. मी किल्ल्यांच्या बाजूला कलतो.

दोन वर्षं आमचा संसार सुखाचा होता, कारण मी ते कधी झाडलंच नव्हतं. म्हणजे झाडलं होतं, पण .38 स्पेशलची मवाळ काडतुसं घालून. ती यात चालतात. काल म्हटलं, ज्याचे पैसे मोजले ते मॅग्नम एकदा घालून बघावं.

रेंजवर उभा राहिलो. या चापाला ओढायला साडेपाच किलोच्या आसपास जोर लागतो. हत्यार 340 ग्रॅमचं. म्हणजे चाप हलायच्या आधी हत्यारच हलतं. तरी ओढला. पुढे काय झालं ते नीट सांगता येत नाही. समोर फुटबॉलएवढा नारिंगी गोळा दिसला (आखूड नळीत दारू पुरती जळतच नाही, उरलेली बाहेर येऊन जळते) आणि कुणीतरी तळहातावर हातोडा घातला. निशाण्याचा कागद जसा होता तसाच. कोरा.

"छान!" शेजारच्या लेनमधून आवाज आला.

सत्तरीचे एक काका. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, समोर किलोभर वजनाचं पोलादी रिव्हॉल्व्हर, हातात वही.

"छान काय काका? कागदाला लागली नाही."

"कागदाचं सोडा हो. आत उरलेली काडतुसं हलली का ते बघितलंत?"

मी म्हटलं, हललो मी. काडतुसं कशाला हलतील? त्यावर काकांनी खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढला. खरोखरीचा. रेंजवर माणूस कानावरचे मफ विसरतो, चष्मा विसरतो. हे कॅलिपर घेऊन आले होते.

"शेवटचं काडतूस द्या पाहू. नळी समोरच ठेवा." मी दिलं. का दिलं, कोण जाणे. काही माणसांच्या आवाजात प्रयोगवहीवर सही करणारे सर असतात. त्यांनी मोजलं. "40.9. कमाल मान्य लांबी 40.39. अर्धा मिलिमीटर वाढलं!" नातवाची उंची वाढावी तसा आनंद. "हलक्या हत्याराला धक्का एवढा की अख्खं काडतूस झटक्यात मागे येतं, पण पुढची गोळी जडत्वाने जागेवरच राहते. थोडी थोडी बाहेर सरकते. घाला परत, त्याच भोकात."

दुसरी झाडली. डोळ्यांत पाणी आलं. "41.3!"

मी जरा थांबतो म्हटलं, तर काकांनी माझा कोरा कागद उतरवून घेतला, तसाही तो कशाच्या उपयोगाचा नव्हता, आणि मागच्या बाजूला गणित मांडलं. संवेग तोच, वस्तुमान एक तृतीयांश, म्हणून धक्क्याची ऊर्जा तिप्पट. "माझं हे किलोचं. काडतूस तेच. तुम्हाला माझ्या तिप्पट बसतंय." आणि मग अगदी निरागसपणे, "तुम्ही यासाठी जास्त पैसे दिलेत ना?"

तिसरी. "41.8." इथे हात सोलला. काकांनी पेन खाली ठेवलं नाही.

चौथी झाडली आणि सिलिंडर जागच्या जागी अडकलं. ना फिरे, ना बाहेर येई. पाचव्या काडतुसाची गोळी पुढे सरकून सांगाड्यालाच टेकली होती. म्हणजे ज्या एका दिवसासाठी मी हे दोन वर्षं खिशात वागवलं, त्या दिवशी ते चार बारांनंतर पेपरवेट होणार होतं. तेही हलकं पेपरवेट. पंखा लावला तर कागद उडतील.

"तुम्हाला हे होणार माहीत होतं?"

"दुसऱ्या मोजमापालाच."

"मग बोलला का नाहीत?"

"प्रयोग बिघडला असता."

रेंजवरच्या माणसाने लाकडी काडीने गोळी हळूच मागे ढकलून सिलिंडर सोडवलं. सोडवताना तोही ऐकवून गेला, की यात शहाणी माणसं .38 च वापरतात. मग .357 कोरून विकता कशाला? नळीशेजारी बारीक अक्षरांत 120 ग्रेनपेक्षा (साधारण पावणेआठ ग्रॅम) हलक्या गोळीचं मॅग्नम वापरू नका असंही कोरलंय, औषधाच्या बाटलीसारखं. जागा होतीच, तर "वापरूच नका" एवढं कोरायला काय झालं होतं? ज्याला त्याला आधीपासून सगळं माहीत असतं. फक्त पैसे मोजायच्या वेळी सगळे मौनात.

निघताना काका मागून आले. मला वाटलं, हाताला लावायला काही देतायत. वही पुढे केली. त्यात माझ्या नावाचं पान होतं, तीन आकडे आणि चौथ्यासमोर "अडकले".

"एका वेळच्या नोंदीवरून काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी याल ना? हात बरा झाला नसला तरी चालेल, लांबीला त्याने फरक पडत नाही."