रनवे डाव्या खांद्यामागे असतो, स्क्रीनवर नसतो

संध्याकाळपासून घरच्या सिम्युलेटरवर बोइंग 737 घेऊन अकरा सर्किट मारली, म्हणजे उडायचं, रनवेला फेरी मारायची आणि परत तिथेच उतरायचं. त्यातल्या नऊ वेळा 500 फुटांवर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. नऊ! तेही दर वेळी एकाच जागेवरून बिघडलं. टेकऑफ ठीक, चढाई ठीक, डाउनविंडही (रनवेला समांतर, उलट दिशेने जायचा टप्पा) बऱ्यापैकी सरळ, आणि बेसला, म्हणजे रनवेकडे, वळायची वेळ आली की सगळा खेळखंडोबा. चुकलं तर सुधारता येतं, त्याचं मला काही वाटत नाही. पण ज्या गोष्टीकडे बघून वळायचं ती दिसतच नसेल तर सुधारायचं काय, कपाळ?

डाउनविंडवर नेमकं काय होतं ते सांगतो. उंची 1500 फूट, वेग 180 नॉट, फ्लॅप्स (कमी वेगात विमान तोलून धरणाऱ्या पंखांच्या झडपा) 5 वर. रनवे डावीकडे दोन नॉटिकल मैलांवर (पुढेही मैल म्हणजे हेच, आणि नॉट म्हणजे तासाला असा एक मैल). त्याच्याकडे बघायचं म्हणून जॉयस्टिकवरचं बटण डावीकडे दाबतो. सगळं कॉकपिट गर्रकन फिरतं आणि खिडकी समोर येते. रनवे कुठे आहे ते शोधतो, अंतर जोखतो, बटण सोडतो, कॉकपिट परत फिरून जागेवर येतं. या सगळ्यात चार सेकंद गेली. तेवढ्यात उंची 1640 झालेली असते आणि विमान पाच अंश कलून रनवेकडे सरकायला लागलेलं असतं. कारण त्या चार सेकंदांत माझ्यासमोर ना उंची होती, ना वेग, ना समोरचं क्षितिज. खरा पायलट मान वळवतो, रनवे बघतो आणि एका नजरेत परत आकड्यांवर येतो. नाक खाली-वर झालेलं त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतं. माझा 27 इंची मॉनिटर 70 सेंटिमीटरवरून बघितला तर डोळ्यांसमोरचा जेमतेम 46 अंशांचा तुकडा व्यापतो. विमान कंपन्यांच्या प्रशिक्षणासाठीचे मोठे सिम्युलेटर 180 अंश किंवा त्याहून जास्त पसरलेलं चित्र दाखवतात. ते हौसेसाठी नाही दाखवत!

आणि हे छोट्या विमानासारखं चुकलं तर चुकलं असंही नसतं. सेसना 172 मध्ये 90 नॉटला 30 अंश कलवलं की अर्ध्या मैलाच्या आत अख्खं उलटं फिरता येतं. इथे 180 नॉटला 25 अंश कलवलं तर वळणाची त्रिज्या जवळपास एक मैल. म्हणजे डाउनविंडवरून फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत, यायला आडवी दोन मैल जागा लागतेच. डाउनविंड दीड मैलावर आली की संपलं, वळण पूर्ण होईपर्यंत रनवेची रेषा ओलांडून पलीकडे गेलेले असता. मग परत यायला अजून कलवा, वेग पडू देऊ नका, खाली जाण्याचा दर सांभाळा, आणि हे सगळं जमिनीच्या इतक्या जवळ. दोन मैल आणि दीड मैल यातला फरक खिडकीतून बघितल्याशिवाय कळणार कसा?

जिथे उतरायचं ते रनवेचं टोक बरोबर आडवं, म्हणजे नेमकं डाव्या बाजूला, आलं की घड्याळ सुरू करायचं. दर 100 फुटांना 3 सेकंद, म्हणजे 1500 फुटांना 45, आणि मग वळायचं. मागून वारा असेल तर कमी. वाऱ्याविना 45 सेकंदांत विमान सव्वादोन मैल पुढे जातं. पुढचं अर्धवर्तुळ तीन मैलांच्या थोडं वर, मग सरळ सव्वादोन मैल. मैलाला साधारण 300 फूट खाली यायचं म्हटलं की 1500 फुटांचा हिशेब जवळपास बरोबर बसतो. किती सुंदर गणित आहे हे! मला हेच शिकायचंय, हेच हातात बसवायचंय. पण घड्याळ सुरू करायचा क्षणच मला दिसत नाही. पाच सेकंद उशीर झाला की पाव मैल जास्त. आणि वळायच्या वेळी टोक नाकापासून जवळजवळ 140 अंशांवर, पार डाव्या खांद्यामागे गेलेलं असतं. तिथे खऱ्या पायलटलाही नीट दिसत नाही, म्हणूनच तर घड्याळ लावतात. पण तिथपर्यंत तो बघत आलेला असतो. मी नाही.

डोक्याच्या हालचालीवर चित्र फिरवणारं यंत्रही घेतलं. मान 20 अंश वळवायची, चित्र 90 अंश वळणार, आणि डोळे मात्र तिरके करून समोरच्या मॉनिटरवरच ठेवायचे. अर्ध्या तासात डोकं जड.

बरं, कुणाला विचारावं तर उत्तर ठरलेलं. "अरे, एवढं मोठं विमान असं कोण उडवतं? आयएलएस लाव, ऑटोपायलट लाव, सोड." (आयएलएस म्हणजे रनवेपर्यंत वाट दाखवणारे रेडिओ संकेत.) हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. कोण उडवतं म्हणजे? बऱ्याच ठिकाणी नव्या पायलटला प्रवासी नसलेल्या विमानात बसवून हीच सर्किटं मारून घेतात. जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, विमान कंपन्यांना सांगितलं होतं की पायलटांना योग्य तिथे हाताने उडवायला प्रोत्साहन द्या. त्याच वर्षी 6 जुलैला सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना 214 हे प्रवासी विमान उतरत होतं. बोइंग 777, स्वच्छ हवा, रनवे 28 एलचा ग्लाइडस्लोप (उतरायचा कोन दाखवणारा रेडिओ संकेत) बंद, म्हणजे नजरेने उतरायचं. 137 नॉट हवे होते, वेग 103 पर्यंत पडला. विमान रनवेआधीच्या समुद्रभिंतीला धडकलं. तीन जण गेले. आणि हे लोक मला सांगणार की नजरेने उतरायचा सराव कशाला?

सिम्युलेटर बनवणारेही याच विचाराचे दिसतात. सुरुवात कुठून करायची ते निवडायला गेलो तर गेट आहे, रनवे आहे, दहा मैलांची सरळ फायनल आहे. डाउनविंड नाही! आभासी कंट्रोलरला सर्किट मागितलं की तो मला वीस मैल लांब नेतो आणि सरळ रेषेत आणून सोडतो. ढगाची सावली जमिनीवर सरकताना दाखवता, गवताचं पातं न पातं काढता, आणि 1500 फूट उंचीवर, रनवेला समांतर, फ्लॅप्स 5 लावून 180 नॉटवर विमान ठेवणारं एक बटण जमत नाही? शिकायची असतात ती शेवटची तीन मिनिटं. त्यासाठी दर वेळी फ्लॅप्स लावा, ट्रिम लावा, धावा, उडा, गिअर घ्या, चढा, दोनदा वळा, वेग सांभाळा. गो-अराउंड झाला की पुन्हा चढा, पुन्हा वळा.

सर्किटच्या वेळी कडेच्या खिडकीचा एक छोटा चौकोन समोरच्या चित्राच्या कोपऱ्यात उघडा ठेवा, बाकी आकडे जागेवर राहू द्या. आणि सुरुवातीच्या यादीत एक ओळ वाढवा: डाउनविंड, डावी. दुसरी: डाउनविंड, उजवी. एवढंच मागतोय.