कडक बाप आणि कोरडा बाप

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला सात वेळा आला. सेक्टरच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, गावाकडच्या ग्रुपवर, आणि एकदा तर गॅस एजन्सीत ओळख झालेल्या बाईंकडून. मजकूर थोडक्यात असा: 'आमच्या आईवडिलांनी आम्हाला कधी जवळ घेतलं नाही, कौतुक केलं नाही, ऐंशी टक्के पडले तर उरलेले वीस कुठे सांडले म्हणून फटके दिले. तरी आम्ही घडलो. आजची मुलं म्हणतात, आईबाबांनी आम्हाला नाकारलं, आत्मसन्मान गेला. नोकरी लागली की ही नाटकं आपोआप बंद होतात. ही तिकडची थेरं आहेत, आपल्यात असलं काही नव्हतं. जन्मदात्यांना दोष देणारी पिढी कृतघ्न.' शेवटी जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल.

मी ऐरोलीत अभ्यासिका चालवते. 22 खुर्च्या, दोन एसी (त्यातला एक चालतो), पाण्याचं पिंप. सकाळी सहा ते रात्री अकरा. येणारी मुलं वीस ते सत्तावीस वर्षांची. कोणी एमपीएससी, कोणी बँकेची परीक्षा, कोणी रात्री कॉल सेंटरला आणि दिवसा इथे. चहाच्या वेळी ही मुलं घराबद्दल काय बोलतात, आणि मुख्य म्हणजे काय बोलत नाहीत, ते मी बारा वर्षं ऐकते आहे. म्हणून या फॉरवर्डला ग्रुपवर अंगठा दाखवून पुढे जाणं जमलं नाही.

'फटके दिले, म्हणून आम्ही घडलो.'

इथे दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या आहेत. माझे वडील वाशीच्या फळबाजारात माथाडी होते. पाठीवर पेट्या, तोंडात शिव्या, आणि घरात आले की आम्ही भावंडं चिडीचूप. सातवीत मी गणिताचा पेपर दप्तरात लपवला. तो सापडला आणि कानाखाली अशी बसली की रात्रभर शिट्टी वाजत होती. मार्च महिना होता. पहाटे तीनला ते कामावर जायचे. मी उठले तेव्हा दप्तरावर एक हापूस ठेवलेला होता, एका बाजूने दबलेला, पेंढ्याच्या काड्या चिकटलेला. सीझनचा पहिला माल, आमच्यासारख्यांच्या घरात मे महिन्याच्या आधी आंबा दिसायचा नाही. ते एक अक्षर बोलले नाहीत. पण या माणसाला मी नको आहे असं मला जन्मात कधी वाटलं नाही.

ती कानाखालची बरोबर होती असं मी म्हणत नाही. ती चूकच होती, आणि मी माझ्या मुलावर हात उचललेला नाही. मुद्दा वेगळा आहे. माझा बाप कडक होता, कोरडा नव्हता.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातले संशोधक रोनाल्ड रोनर 1960च्या दशकापासून नेमका हाच धागा उलगडत बसले होते. पालकांकडून होणारा नकार त्यांनी चार तऱ्हांनी मांडला. मायेचा ओलावा नसणं, ही पहिली. राग, टोमणे, मारझोड ही दुसरी. दुर्लक्ष ही तिसरी. चौथी सगळ्यात अवघड: बाहेरून बोट ठेवता येईल असं काहीच घडत नाही, तरी मुलाच्या मनात पक्कं बसतं की मी यांना नकोसा आहे. म्हणजे मोजायचं काय, तर आईबापांनी काय केलं एवढंच नाही, मुलाला त्यातून काय कळलं तेही. 1991 साली रोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेस्ट इंडिजमधल्या सेंट किट्स बेटावरच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे मार देणं सर्रास मान्य होतं. माराचा स्वतःचाही थोडा वाईट परिणाम दिसलाच; शिवाय तो मार म्हणजे 'मी नकोय' असा अर्थ मुलाने लावला, की त्या वाटेने आणखी नुकसान होत होतं.

आता 'आम्ही घडलो' याबद्दल. ग्रुपवर हे लिहितो कोण? जो घडला तो. आमच्या चाळीतले जे दारूत गेले, जे पस्तिशीतही बायकोला चहात साखर कमी म्हणून मारतात, जो एक रेल्वेलाइनवर गेला, ते या ग्रुपवर नाहीत. त्यांनाही फटके बसलेच होते. आंबा त्यांच्या दप्तरावर कोणी ठेवला होता की नाही, ते मला माहीत नाही.

कोरडेपणा कसा दिसतो ते सांगते. माझ्याकडे एक मुलगा होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). त्याची प्री, म्हणजे पूर्वपरीक्षा, निघाली. पीडीएफमध्ये आपला बैठक क्रमांक त्याने तीनदा बोट ठेवून पाहिला आणि जिन्यात जाऊन घरी फोन लावला. दार उघडंच होतं. 'पप्पा, प्री निघाली.' पलीकडून काहीतरी. 'हो. हो. ठेवतो.' परत आला, फोन उलटा ठेवला आणि पुस्तक उघडलं. मी विचारलं, काय म्हणाले? 'म्हणाले, शेवटच्या यादीत नाव आलं की सांग.'

एवढ्यावरून मी त्या बापाला कोरडा ठरवणार नाही. असं बोलणारे बाप मागच्या खोलीत जाऊन डोळे पुसतात, हे मलाही ठाऊक आहे. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या पोराला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट्स खाली, सहा दिवस ॲडमिट. मामांनी घरी कळवलं होतं. सहा दिवसांत फोन आला नाही. हे त्याने मला तक्रार म्हणून सांगितलंच नाही. 'ते बिझी असतात,' म्हणाला, जणू काही ट्रॅफिकबद्दल बोलतोय.

आणि हाच मुलगा पंखा एक नंबरने वाढवायचा तर 'सॉरी मॅडम' म्हणायचा. मॉक मुलाखतीत उत्तर येत असूनही बोलायचा नाही, शंभर टक्के खात्री असेल तरच तोंड उघडायचा. डबा नसेल त्या दिवशी कोणी पोळी पुढे केली तर 'भूक नाही'. रोनर यांनी नकाराचा माग मोठेपणात कुठे कुठे निघतो याची जी यादी केली, तिच्यात स्वतःला कमी लेखणं आहे, आपल्याला जमणारच नाही ही भावना आहे, जग वाईटच आहे ही समजूत आहे, आणि एक गोष्ट अशी आहे जी आपल्याकडे गुण म्हणून मिरवली जाते: 'मला कोणाची गरज नाही.' आपण त्याला स्वाभिमानी पोरगा म्हणतो. तो उपाशी असतो.

'नोकरी लागली की नाटकं बंद होतात.'

मग मोजून बघू. स्वतःबद्दल माणसाला काय वाटतं हे तपासायला मॉरिस रोझेनबर्ग यांची 1965 सालची दहा विधानांची प्रश्नावली आजही जगभर वापरतात. आयुष्याबद्दलच्या समाधानासाठी एड डीनर आणि सहकाऱ्यांची 1985 सालची आहे, फक्त पाच वाक्यांची. प्रत्येक वाक्याला एक ते सात गुण, म्हणजे एकूण 5 ते 35. त्यातलं एक वाक्य आपली परिस्थिती किती उत्तम आहे ते विचारतं. पगारपत्रकाने त्याचं उत्तर बदलेल, कबूल. पण आणखी एक वाक्य साधारण असं आहे, की आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर मी जवळपास काहीच बदलणार नाही. तिथे पगार काय करणार?

आयटी पार्कात चांगल्या हुद्द्यावर असलेली एक मुलगी शनिवार-रविवार माझ्याकडे येऊन बसायची. कुठल्या परीक्षेसाठी, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. एक पास झाली की दुसरी धरायची. एकदा विचारलं तर म्हणाली, 'मम्मीला अजून काही विशेष वाटलं नाहीये.' वय 27.

'तिकडची थेरं. आपल्यात असलं काही नव्हतं.'

या वाक्याने मात्र डोकं तापलं. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, डोंगरात. नवी मुंबईतली निम्मी माथाडी वस्ती तिकडचीच. माझ्या एका चुलत बहिणीचं नाव नकुसा. लाडाचं नाही, शाळेच्या दाखल्यावरचं. तीन मुलींवर चौथी झाली, नको होती, म्हणून नकुसा. पुढे मुलगा व्हावा म्हणून असं नाव ठेवायची रीत होती. 2011 साली सातारा जिल्हा प्रशासनाने अशा मुलींचा समारंभ करून त्यांना नवी नावं दिली. एकाच जिल्ह्यात 280हून अधिक मुली निघाल्या. माझी बहीण तोवर लग्न होऊन, दोन पोरांची आई होऊन बसली होती, तिला कोण बोलावणार? तिच्या आधार कार्डावर आजही तेच आहे. मागच्या वर्षी तिला डोळे तपासायला इकडे आणलं. रांगेत नाव पुकारलं गेलं. ती उठली नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मला कोपराने ढोसून म्हणाली, 'तू जा की पुढं.' पन्नाशीची बाई, आणि चारचौघांत स्वतःच्या नावाला ओ देता येत नाही.

नकाराला ज्या मुलखाने नाव दिलं, बारशाला पाळण्यात घालून दिलं, तिथल्या माणसांनी 'आपल्यात नव्हतं' म्हणावं! नव्हतं ते बोलणं. दुखणं होतंच.

शिवाय नकारावरचं हे संशोधन फक्त गोऱ्या मुलांवर झालेलं नाही. रोनर यांचे सहसंशोधक अब्दुल खालेक मूळचे बांगलादेशचे. दोघांनी 2002 मध्ये जगभरातले 43 अभ्यास, साडेसात हजारांहून जास्त माणसं, एकत्र घेऊन पाहिली. देश बदलला, भाषा बदलली, तरी आईबापांना आपण हवे आहोत की नाही या भावनेचा मानसिक आरोग्याशी संबंध टिकून राहिला. प्रौढांमध्येसुद्धा. आणि यात बापाची माया आईच्या मायेपेक्षा दुय्यम ठरत नाही, हेही अशा अभ्यासांतून पुढे आलं. आपल्याकडे बापाला 'तो तसाच आहे' म्हणून सूट मिळते, म्हणून मुद्दाम सांगते.

'दोष देणारी पिढी कृतघ्न.'

इथे मी फॉरवर्डवाल्यांना थोडं झुकतं माप देईन. बाबांनी बाइक घेऊन दिली नाही म्हणून 'टॉक्सिक पेरेंट्स' म्हणणारी मुलंही माझ्याकडे येतात. रील बघून निदान करतात. नाही म्हणणं म्हणजे नाकारणं नव्हे, हे त्यांना सांगावं लागतं. 1966 मध्ये मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी लिहिलं तेही असंच होतं: शिस्त ठाम, पण सोबत ऊब आणि कारण सांगण्याची तयारी, अशा घरातली मुलं चांगली उभी राहतात. नियमच नसलेलं घर त्यांनीही चांगलं मानलं नव्हतं.

आकडाही प्रामाणिकपणे वाचायला हवा. त्या 2002च्या आढाव्यात, प्रौढांच्या मानसिक स्वास्थ्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे 21 टक्के फरक पालकांच्या स्वीकार-नकाराशी जोडता आला. लहान मुलांत 26 टक्के. एकाच कारणासाठी हे खूप आहे. पण उरलेले 79 टक्के पैसा, स्वभाव, दोस्त, आजारपण, नशीब अशा शंभर ठिकाणी वाटलेले आहेत. त्यात ही माहिती मुलांनीच आठवून सांगितलेली. उदास माणसाला बालपणही उदासच आठवतं, ही शक्यता उरतेच. तेव्हा 'माझं सगळं आईबाबांमुळे वाटोळं झालं' हे विधान संशोधनाच्या जिवावर करता येत नाही. 'त्याचा काही परिणामच होत नाही' हेही नाही.

आणि दोष म्हणाल तर, माझ्याकडची खरी दुखावलेली मुलं दोष देतच नाहीत. ती बापाची वकिली करतात. ते बिझी असतात. मम्मीलाही तिच्या आईने असंच वाढवलं. माझंच काहीतरी कमी पडतं. दोष देता आला असता तर निम्मं ओझं उतरलं असतं.

राहिला फॉरवर्डच्या एका आवृत्तीत जोडलेला सल्ला, की रडत बसण्यापेक्षा जिमला जा. जा की. व्यायाम चांगलाच. पण हवाईमधल्या काउआई बेटावर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी 1955 साली जन्मलेली जवळपास 700 मुलं मोठेपणापर्यंत पाहिली. गरिबी, भांडणं, व्यसनं असलेल्या घरांतली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही नीट, समाधानी माणसं झाली. त्यांच्याबाबतीत जे वारंवार दिसलं त्यात एक म्हणजे मायेचं कोणीतरी एक माणूस: आजी, शेजारीण, शिक्षक. आईबापच पाहिजेत असं नाही.

आमच्या लहानपणी कोणी जरा वेगळं वागलं की 'याला ठाण्याला भरती करा' म्हणायचे. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं, त्यामुळे ही चेष्टाही तेवढीच जुनी असावी. तिच्या धाकाने अजून कित्येक जण ओपीडीची पायरी चढत नाहीत. आता मनाच्या दुखण्यासाठी टेली-मानस या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पाण्याच्या पिंपाशेजारी चिकटवला. दोनदा कोणीतरी फाडून टाकला. तिसऱ्यांदा लावला, तर आठवड्याभरात कागद जागेवर आणि फक्त नंबराची पट्टी ब्लेडने नीट कापून नेलेली. मी चौथा लावला आहे. या वेळी नंबर खाली पाच वेळा लिहिलाय, कापायला सोपं जावं म्हणून.