मुदत संपली म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपलं असं नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मागच्या लेखात मी इंग्लंडमधल्या मोबाईल कॉन्ट्रॅक्टबद्दल लिहिलं होतं, ज्यात फोनची किंमत महिन्याच्या बिलातच धरलेली असते, की २४ महिने झाल्यावरही तेवढंच बिल भरत राहिलात तर फिटलेल्या फोनचे पैसे परत परत भरताय. त्यावर एका वाचकांची कमेंट आली, थोडक्यात अशी: कंपनी आधी मेसेज पाठवते, तो वाचायचा नाही आणि मग कंपन्यांच्या नावाने ओरडायचं हे चूक आहे, मुदत संपली की डायरेक्ट डेबिट (बँकेतून बिल आपोआप जायची सोय) बंद करून टाकायचं, विषय संपला, एवढ्यासाठी लेख कशाला.

आधी शेवटच्या मुद्द्याचं बोलतो कारण तो वाचून कुणी खरंच तसं केलं तर वाट लागेल. कृपा करून डायरेक्ट डेबिट असंच बंद करू नका. डायरेक्ट डेबिट म्हणजे फक्त पैसे जायचा रस्ता, तो बंद केला म्हणून कॉन्ट्रॅक्ट बंद होत नाही, बिल येतच राहतं, थकत जातं, आणि शेवटी डिफॉल्ट, म्हणजे पैसे बुडवल्याचा शिक्का, लागला की तो क्रेडिट फाईलवर (तुम्ही पैसे कसे फेडता त्याची नोंद) ६ वर्षं राहतो. माझ्या ओळखीतल्या एकाने पुण्याला परत जाताना नेमकं हेच केलं, सिम काढून कचऱ्यात टाकलं आणि बँकेच्या अॅपमध्ये जाऊन डेबिट कॅन्सल केलं, त्याला वाटलं झालं काम. २ वर्षांनी नवीन नोकरी घेऊन परत आला आणि भाड्याचं घर बघताना क्रेडिट चेकमध्ये अडकला, शेवटी ६ महिन्यांचं भाडं आधी भरून घर मिळवावं लागलं. मूळ थकबाकी किती होती, तर जेमतेम ७० पाऊंड.

आता मेसेजचं. कंपनीने मेसेज पाठवायचा हा नियम आहेच, ऑफकॉमने, म्हणजे तिथल्या टेलिकॉम नियामकाने, १५ फेब्रुवारी २०२० पासून लावलाय. मुदत संपायच्या १० ते ४० दिवस आधी कळवायचं, तारीख सांगायची, आत्ता किती भरताय, नंतर किती भराल, नोटीस किती दिवसांची, आणि त्यांच्याकडची स्वस्त डील कुठली हे सगळं त्यात यायला हवं. नियम चांगला आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पण न वाचणाऱ्याची चूक असं तुम्ही म्हणता, तर माझ्या मामांचं सांगतो. मामा गोदामात नाईट शिफ्ट करतात, दुपारी झोपतात. मेसेज दुपारी आला, पार्सलवाल्याचा एक आणि बँकेचा एक त्याच्या मधे, आणि मामांनी तो उठल्यावर वाचला. हो, वाचला! स्वयंपाकघरात जे कालनिर्णय टांगलंय त्यावर त्या तारखेच्या चौकोनात मामांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय, 'फोन फिटला'. आपल्याकडे फ्रिज घ्या, स्कूटर घ्या, शेवटचा हप्ता गेला की हप्ता बंद, कुणाला काही सांगावं लागत नाही. मामांनी तोच अर्थ काढला. मेसेजमध्ये मिनिमम टर्म संपतेय असं होतं आणि त्यातला मिनिमम हा शब्द किती महत्त्वाचा आहे ते त्यांच्या लक्षात आलं नाही, म्हणजे किमान एवढे दिवस तरी बांधलेले आहात, त्यानंतर बांधलेले नाही पण कॉन्ट्रॅक्ट महिन्या-महिन्याने चालूच, तुम्ही स्वतः थांबवेपर्यंत.

पुढचे १३ महिने ४२ पाऊंड जात राहिले. नियमाप्रमाणे वर्षभराने परत एक मेसेज येतो की तुमच्यासाठी ही डील बरी पडेल, तो त्यांनी मला दाखवला तेव्हा कळलं. त्याच कंपनीचं तेवढ्याच डेटाचं नुसतं सिम ९ पाऊंडांना होतं. महिन्याला ३३ जास्त, १३ महिन्यांचे ४२९ पाऊंड. फोन करून विचारलं तर कस्टमर केअरवाली मुलगी नीट बोलली पण म्हणाली की मेसेज पाठवलेला आहे. पाठवलेला होताच की!

माझं म्हणणं एवढंच आहे की फोनचे पैसे वसूल झाले हे कंपनीला ज्या दिवशी माहीत असतं त्या दिवशी फोनचा भाग बिलातून आपोआप गळायला हवा, गिऱ्हाईकाने येऊन मागायची वाट बघायची नाही. आणि हे मी एकटा म्हणत नाही, २०१८ मध्ये सिटिझन्स अॅडव्हाइस या लोकांना मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेने याच गोष्टीवर सरकारी स्पर्धा नियामकाकडे मोठी तक्रार केली होती, मोबाईलबरोबर ब्रॉडबँड, घराचा विमा, मॉर्गेज आणि बचत खातीही त्यात होती, की जुन्या गिऱ्हाईकाला निष्ठेचा दंड बसतोय. पुढच्या वर्षी बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी मुदतीनंतरचं बिल कमी करू असं कबूल केलं, पण सगळ्यांनी नाही, आणि किती कमी करायचं हे ज्याचं त्याने ठरवलं.

तुमचं एक मात्र मान्य. मी सगळ्यांना एकाच माळेत ओवलं ते चुकलं. काही कंपन्या फोनचं वेगळं आणि कॉल-डेटाचं वेगळं अशी दोन अॅग्रीमेंट करतात, ओटू या कंपनीने तर २०१३ मध्येच सुरू केलं होतं, तिथे फोनचे हप्ते संपले की तो भाग खरंच बंद होतो. तेव्हा आधी आपलं बिल उघडून बघा, दोन ओळी आहेत की एकच आकडा. एकच आकडा असेल तर सावध.

आणि बंद कसं करायचं ते मूळ लेखात नीट आलं नव्हतं म्हणून इथे सांगतो. नंबर ठेवून दुसरीकडे जायचं असेल तर ६५०७५ वर पी-ए-सी ही तीन इंग्रजी अक्षरं एसएमएस करायची, मिनिटभरात कोड येतो, ३० दिवस चालतो. भारतात आपण १९०० वर पोर्टचा मेसेज टाकतो तसंच, फक्त तिकडे कोड बहुतेक ठिकाणी ४ दिवसच टिकतो. तो कोड नवीन कंपनीला दिला की पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत नंबर जातो आणि जुनं कॉन्ट्रॅक्ट आपोआप बंद, ३० दिवसांच्या नोटिशीचे पैसे त्यांना लावता येत नाहीत. दुसरीकडे जायचंय पण जुना नंबर नकोच असेल तर ७५०७५ वर एस-टी-ए-सी. पण हा कोडसुद्धा दुसऱ्या कंपनीला द्यावा लागतो तरच जुनं बंद होतं, नुसता मागवून ठेवला तर काही होत नाही. दुसरीकडे सिम घ्यायचंच नसेल, म्हणजे कायमचे भारतात निघाला असाल, तर सरळ कंपनीला फोन करून नोटीस द्या, शेवटचं बिल जाऊ द्या, आणि मगच ते डेबिट काढा.

मामांनी ९ पाऊंडवालं सिम घेतलं, फोन तोच आहे, चांगला चालतोय. तुमची कमेंट मी काढत नाही, फक्त हे उत्तर तिच्या खाली सगळ्यात वर पिन करून ठेवतोय म्हणजे डेबिटचं वाचणाऱ्याला पुढचंही दिसेल.